प्रताधिकार कायद्यातील दुरुस्त्या आणि साहित्याच्या अध्यापकांचे मौन

१

साहित्य आणि कायदा ह्यांच्या संबंधाची चर्चा मराठीत बहुधा आक्षेपार्ह मजकूर, बंदी आणि खटले ह्यांच्या अनुषंगाने होते. प्रताधिकाराचा, म्हणजे कॉपीराइटचा, कायदा हा प्रकाशक आणि वकील ह्यांचा विषय मानून बाजूला ठेवला जातो. वस्तुतः मराठीच्या विभागात रोज घडणाऱ्या अनेक गोष्टी ह्याच कायद्याच्या कक्षेत घडत असतात. दुर्मीळ पुस्तकातील एका प्रकरणाच्या झेरॉक्स प्रती वर्गात वाटणे, प्रश्नपत्रिकेत उतारा देणे, समीक्षालेखात कवितेच्या ओळी उद्धृत करणे, बंद पडलेल्या मासिकाचे अंक ग्रंथालयाने संगणकावर जतन करणे, अन्य भाषेतील ग्रंथाचे भाषांतर करणे, ह्यांपैकी प्रत्येक कृतीला १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमात कोठे ना कोठे आधार किंवा अडसर आहे. हा कायदा संसदेने केलेला आहे आणि संसदच तो बदलते. तो बदलला जात असताना संसदेतील लोकप्रतिनिधींपर्यंत अभ्यासकांनी आपला अनुभव पोहोचवला पाहिजे, ही जाणीव मात्र अध्यापकवर्गात क्षीण आहे.

हे निवेदन नेमके कोणाकडे करावयाचे, ह्याविषयीही पुष्कळदा संदिग्धता असते. शिक्षणविषयक गाऱ्हाणी राज्य शासनाकडे आणि आमदारांकडे नेण्याची अध्यापकांना सवय आहे. प्रताधिकार हा विषय मात्र संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत, ४९ व्या नोंदीत, येतो. त्यावर कायदा करण्याचा अधिकार संसदेचा आहे, राज्य विधिमंडळाचा नाही. महाराष्ट्रातून लोकसभेवर ४८ आणि राज्यसभेवर १९ सदस्य जातात. गोव्यातून अनुक्रमे २ आणि १. ह्याखेरीज साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा ह्या क्षेत्रांतील १२ व्यक्ती राष्ट्रपती राज्यसभेवर नामनिर्देशित करतात. मराठीच्या अभ्यासकाचे म्हणणे ऐकून घेऊ शकतील असे संसद सदस्य संख्येने थोडे नाहीत. त्यांच्यापुढे ते म्हणणे मांडले जात नाही, ही अडचण आहे.

२

प्रताधिकाराचा कायदा समितीच्या आणि चर्चेच्या टप्प्यावर किती बदलू शकतो, हे त्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते. १९१४ च्या कायद्यानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या भाषांतराचा अनन्य हक्क सामान्यतः पहिल्या प्रकाशनापासून दहा वर्षेच टिकत असे. त्या अवधीत मूळ लेखकाने एखाद्या भाषेत भाषांतर प्रसिद्ध केले असेल, तर त्या भाषेपुरता तो पुढे चालू राही. बंगाली कादंबरी मराठीत मोठ्या प्रमाणावर आली त्या काळाची कायदेशीर पार्श्वभूमी ही होती. भाषांतराच्या इतिहासाचा अभ्यास करताना अभिरुची, राष्ट्रीय चळवळ आणि प्रकाशनव्यवसाय ह्यांचा विचार होतो. ह्या दहा वर्षांच्या तरतुदीचा विचारही त्यासोबत व्हावयास हवा.

स्वातंत्र्यानंतर नवा कायदा करताना १९५५ साली जे विधेयक मांडले गेले, त्यात लेखकाच्या मृत्यूनंतर प्रताधिकार केवळ २५ वर्षे टिकावा असे सुचवले होते. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीने ही मुदत अपुरी मानली आणि १९५७ च्या अधिनियमात ती ५० वर्षे झाली. विधेयकातील आकडा अधिनियमात येईपर्यंत दुप्पट झाला. भाषांतराची दहा वर्षांची मर्यादाही ह्याच अधिनियमाने गेली. तिच्या जागी, प्रकाशनापासून सात वर्षे उलटल्यावर भाषांतरासाठी सक्तीचा परवाना मागण्याची ३२ व्या कलमाची वाट ठेवण्यात आली. हा अधिनियम संमत झाला त्या वेळी शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या कादंबऱ्या मराठीत आणणारे मामा वरेरकर राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्य होते. भाषांतराचा प्रत्यक्ष अनुभव आणि सभागृहातील आसन ही दोन्ही एकाच मराठी लेखकाच्या वाट्याला येणे हा सुयोग होय. एरवी अनुभव एकीकडे आणि आसन दुसरीकडे असते; त्या दोहोंना जोडण्याचे काम निवेदनालाच करावे लागते.

पुढे १९९१ च्या अखेरीस मुदतीचा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला. रवींद्रनाथ ठाकूर ह्यांचे निधन १९४१ मध्ये झाले. त्यांच्या साहित्यावरील ५० वर्षांचा प्रताधिकार ३१ डिसेंबर १९९१ रोजी संपणार होता. विश्वभारतीकडे असलेले हे हक्क संपुष्टात येऊ नयेत ह्या आग्रहातून वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात अध्यादेश निघाला, १९९२ मध्ये त्याचा कायदा झाला आणि मुदत ६० वर्षे झाली. निमित्त एका कवीचे होते, परंतु परिणाम सर्व भारतीय भाषांवर झाला. भास्कर रामचंद्र तांबे ह्यांचे निधन त्याच वर्षी, डिसेंबर १९४१ मध्ये, झाले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली कविता १९९२ च्या आरंभी प्रताधिकारमुक्त व्हावयाची, ती २००२ च्या आरंभी झाली. १९३९ मध्ये निवर्तलेल्या माधव जूलियनांची कविता मात्र १९९० मध्येच मुक्त झालेली असल्याने ह्या वाढीच्या बाहेर राहिली. एकाच कालखंडातील दोन कवींच्या पुनर्मुद्रणाचे आणि संपादनाचे भवितव्य असे कलकत्ता आणि दिल्ली येथील घडामोडींनी वेगवेगळे ठरवले. ही वाढ योग्य की अयोग्य, ह्याविषयी मतभेद संभवतात. तिचा तांब्यांच्या कवितेशी काही संबंध आहे हे मराठीच्या अभ्यासकाने लक्षात आणून द्यावयास हवे होते, ह्याविषयी मतभेद संभवू नयेत.

हा प्रश्न भूतकाळातच संपलेला नाही. आजच्या मुदतीनुसार अण्णा भाऊ साठे आणि आचार्य अत्रे ह्या १९६९ मध्ये निवर्तलेल्या दोन लेखकांचे हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य १ जानेवारी २०३० रोजी मुक्त होईल. अनेक देशांत ही मुदत ७० वर्षे आहे. तसा बदल उद्या भारतात सुचवला गेला, तर अण्णा भाऊंच्या साहित्याच्या स्वस्त आणि चिकित्सक आवृत्त्या आणखी दहा वर्षे लांबणीवर टाकाव्यात की त्यांच्या वारसांचे उत्पन्न आणखी दहा वर्षे राखावे, हा प्रश्न मराठीपुढे उभा राहील. त्यावर मत बनवण्यासाठी अध्यादेशाच्या रात्रीची वाट पाहणे शहाणपणाचे नाही.

३

२०१० ते २०१२ ह्या काळातील दुरुस्तीचा इतिहास ह्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. एप्रिल २०१० मध्ये राज्यसभेत मांडलेले विधेयक मनुष्यबळ विकास मंत्रालयाशी संलग्न स्थायी समितीकडे गेले. समितीने संबंधितांची निवेदने मागवली, साक्षी घेतल्या आणि नोव्हेंबर २०१० मध्ये आपला २२७ वा अहवाल सादर केला. चित्रपटगीतांचे कवी आणि संगीतकार ह्यांच्या स्वामित्वधनाचा प्रश्न सर्वांत गाजला. जावेद अख्तर त्या वेळी राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्य होते आणि त्यांनी तो सभागृहात हिरिरीने मांडला. लेखकाने आपले हक्क निर्मात्याला दिले तरी विशिष्ट वापरांतील स्वामित्वधनाचा त्याचा समान वाटा त्याच्याकडून काढून घेता येणार नाही, हे तत्त्व कायद्यात आले.

त्याच विधेयकातील दुसरी तरतूद दृष्टिहीन आणि अन्य विकलांग वाचकांविषयी होती. मूळ मसुद्यातील सवलत ब्रेलसारख्या खास विकलांगांसाठीच असलेल्या स्वरूपांपुरती संकुचित होती. विकलांगांच्या संघटनांनी ती अपुरी असल्याचे समितीपुढे आणि खासदारांपुढे सातत्याने मांडले. ध्वनिमुद्रित पुस्तक, मोठ्या टाइपातील प्रत किंवा संगणकावर वाचता येणारी प्रत ही सर्वसामान्य वाचकही वापरू शकतो म्हणून ती नाकारली जाणे कसे अन्यायाचे आहे, हे त्यांनी दाखवून दिले. अखेरीस ५२ व्या कलमात ‘कोणत्याही सुलभ स्वरूपातील’ प्रतीला मुभा मिळाली. मराठीच्या पदव्युत्तर वर्गात आज एखादा दृष्टिहीन विद्यार्थी ध्वनिमुद्रित कादंबरी ऐकून परीक्षा देऊ शकतो, त्यामागे हा शब्दबदल आहे.

तिसरे उदाहरण अपयशाचे आहे. परदेशात कायदेशीर रीतीने प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाच्या प्रती मूळ प्रकाशकाच्या अनुमतीशिवाय भारतात आयात करता याव्यात, अशी तरतूद विधेयकात होती. ग्रंथालयांना नव्या आवृत्त्या कमी किमतीत मिळाव्यात हा तिचा उद्देश होता. स्थायी समितीने तिला अनुकूलता दर्शवली. प्रकाशकांचा विरोध मात्र शेवटपर्यंत टिकला आणि मे २०१२ मध्ये दोन्ही सभागृहांनी विधेयक संमत केले तेव्हा ती तरतूद त्यात उरली नव्हती. समितीपुढे म्हणणे मान्य झाले म्हणजे काम संपले, असे मानणाऱ्यांसाठी हा धडा आहे. विधेयक संमत होईपर्यंत ज्यांचा पाठपुरावा चालू राहतो त्यांच्या शब्दाला वजन येते.

ह्या तिन्ही उदाहरणांत विजय कोणाचा झाला ह्यापेक्षा बोलले कोण हे पाहिले पाहिजे. गीतकार बोलले, विकलांगांच्या संघटना बोलल्या, प्रकाशक बोलले. प्रादेशिक भाषांच्या साहित्याचे अध्यापन आणि संशोधन करणारा वर्ग, जो ह्या कायद्याचा नित्य उपभोक्ता आहे आणि पुष्कळदा स्वतः लेखकही आहे, त्याची ओळख ह्या चर्चेत स्वतंत्रपणे उमटली नाही.

४

ह्या अनुपस्थितीची किंमत किती असू शकते, हे अध्यापनविषयक अपवादाच्या उदाहरणावरून कळते. अधिनियमाच्या ५२ व्या कलमानुसार अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेले पुनरुत्पादन हा प्रताधिकाराचा भंग ठरत नाही. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस ह्या प्रकाशनसंस्थांनी दिल्ली विद्यापीठ आणि त्याच्या आवारातील एक झेरॉक्स केंद्र ह्यांच्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. वेगवेगळ्या ग्रंथांतील प्रकरणे एकत्र बांधून विद्यार्थ्यांना दिली जात होती, ही त्यांची तक्रार होती. विद्यार्थी आणि अध्यापक ह्यांच्या संघटना ह्या दाव्यात स्वतःहून सामील झाल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये एकल न्यायमूर्तींनी दावा फेटाळला. डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठाने, अध्यापनाच्या उद्देशाने जेवढे आवश्यक तेवढे पुनरुत्पादन समर्थनीय आहे, त्याला पृष्ठसंख्येची ठरावीक मर्यादा नाही, असा अर्थ लावला. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

ह्या निकालानंतर विषय मिटला, असा समज अध्यापकांत रूढ आहे. परंतु न्यायालयाने अर्थ लावला तो संसदेने घातलेल्या शब्दांचा. संसद ते शब्द बदलू शकते. त्या दिशेने सूचना झालीही आहे. २०१६ मध्ये प्रताधिकाराचा विषय मनुष्यबळ विकास मंत्रालयाकडून काढून वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील विभागाकडे देण्यात आला. परिणामी त्यावर विचार करणारी संसदीय समितीही बदलली. वाणिज्यविषयक स्थायी समितीने जुलै २०२१ मध्ये बौद्धिक संपदेच्या व्यवस्थेचा आढावा घेणारा १६१ वा अहवाल सादर केला. त्यात ५२ व्या कलमाचाही परामर्श आहे. शैक्षणिक वापराची मुभा शासनाच्या मालकीच्या शिक्षणसंस्थांच्या संदर्भात नमूद करावी आणि प्रती किती काढता येतील ह्यावर मर्यादा घालावी, असा तेथील शिफारशीचा रोख आहे.

‘शासनाच्या मालकीच्या’ हे शब्द दिल्लीत निरुपद्रवी वाटतील. महाराष्ट्रात ते तसे नाहीत. ह्या राज्यातील उच्चशिक्षणाचा मोठा भाग शासनाने उभारलेला नसून संस्थांनी उभारलेला आहे. १८८४ ची डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १९१९ ची रयत शिक्षण संस्था, पंजाबराव देशमुखांनी स्थापलेली अमरावतीची श्री शिवाजी शिक्षण संस्था, ह्यांची आणि ह्यांच्यासारख्या असंख्य लहान संस्थांची महाविद्यालये शासनाच्या अनुदानावर चालतात. त्यांची मालकी मात्र शासनाकडे नाही. मराठी विषय घेऊन पदवी मिळवणारा ग्रामीण विद्यार्थी मोठ्या संख्येने ह्याच महाविद्यालयांत शिकतो. ह्या शब्दांना कायद्याचे रूप आले आणि त्यांचा काटेकोर अर्थ लावला गेला, तर एकाच विद्यापीठाच्या एकाच अभ्यासपत्रिकेसाठी शासकीय महाविद्यालयातील अध्यापकाला जे करता येईल, ते शेजारच्या अनुदानित महाविद्यालयातील अध्यापकाला करता येणार नाही. शिफारस म्हणजे कायदा नव्हे, हे खरे. पण शिफारशीवर हरकत नोंदलेली नसेल, तर मसुदा तयार करणाऱ्याला ती सर्वमान्य वाटते. महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयांची रचना दिल्लीतील समितीला माहीत नसणे क्षम्य आहे. ती माहिती तिला न देणे मात्र महाराष्ट्राकडून झालेली कसूर ठरेल.

५

ह्यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप लेखक-प्रकाशकांच्या बाजूचा आहे. मराठी लेखकाला मिळणारे मानधन अल्प, आवृत्त्या लहान, आणि अशा स्थितीत झेरॉक्सला मोकळीक मागणे म्हणजे मराठी प्रकाशनव्यवसायाच्या मुळावर येणे, असे म्हटले जाते. हा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. बाजारात उपलब्ध असलेली कादंबरी संपूर्ण झेरॉक्स करून पन्नास विद्यार्थ्यांत वाटणे आणि वीस वर्षांपूर्वी संपलेल्या समीक्षाग्रंथातील एक प्रकरण वाटणे, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक विभागांनीच आपल्या निवेदनात मांडावा. अध्यापकांनी केवळ सवलत मागितली तर ते एका बाजूचे पक्षकार ठरतील. सीमारेषा कोठे असावी हे त्यांनी सांगितले तर ते साक्षीदार ठरतील. संसदीय समितीला पक्षकारांची वाण नसते.

दुसरा आक्षेप असा की, अस्तित्वात असलेल्या सवलतींचाच पुरेसा उपयोग होत नाही, मग नव्या दुरुस्त्यांची चिंता कशासाठी? ह्यात तथ्य आहे. लेखक किंवा त्याचे वारस सापडत नाहीत अशा ग्रंथांच्या पुनःप्रकाशनासाठी ३१-अ कलमात परवान्याची सोय आहे. अध्यापन-संशोधनासाठी परदेशी ग्रंथाचे मराठीसारख्या, विकसित देशांत सर्वसामान्य वापरात नसलेल्या, भाषेत भाषांतर करावयाचे असेल, तर प्रकाशनापासून एका वर्षाने परवान्यासाठी अर्ज करता येतो. ह्या वाटा फारशा वापरल्या जात नाहीत. त्याचे एक कारण अज्ञान हे आहे; दुसरे कारण वाटेचा खडतरपणा हे आहे. प्रताधिकार मंडळाचे काम २०१७ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे गेले आणि २०२१ मध्ये ते मंडळच रद्द होऊन न्यायालयांकडे आले. तालुक्याच्या गावातील अध्यापकाने एका भाषांतरासाठी न्यायालयात जावे अशी अपेक्षा करणे म्हणजे सवलत कागदावरच ठेवणे होय. ही अडचण खासदारांना कळवणे हाही दुरुस्तीच्या मागणीचाच भाग आहे.

तिसरा आक्षेप निराशेचा आहे: पत्रे लिहून काही होत नाही. विकलांग वाचकांसाठीचा शब्दबदल हे त्याला उत्तर आहे, आणि आयातीच्या तरतुदीचे अपयश ही त्या उत्तराची मर्यादा आहे. निवेदनाने यश निश्चित होत नाही. निवेदन नसेल तर मात्र त्या विषयाची सभागृहातील नोंद दुसऱ्यांच्या शब्दांत होते, एवढे निश्चित.

६

निवेदन कसे असावे, ह्याविषयीही विचार झाला पाहिजे. सभा-संमेलनांतील ठरावांची मराठीला मोठी परंपरा आहे. परंतु ठरावाची भाषा आणि निवेदनाची भाषा भिन्न असते. ‘साहित्यविरोधी दुरुस्तीचा तीव्र निषेध’ ह्या वाक्याचा खासदाराला काही उपयोग नसतो. कोणत्या कलमातील कोणता शब्द, त्याचा कोणत्या महाविद्यालयातील कोणत्या अभ्यासपत्रिकेवर काय परिणाम होतो, आणि त्याऐवजी कोणता शब्द असावा, हे एका पानात सांगता आले पाहिजे. नेमलेल्या ग्रंथांपैकी किती आज विक्रीस उपलब्ध आहेत, ग्रंथालयात त्यांच्या किती प्रती आहेत, वर्गात विद्यार्थी किती आहेत, ही माहिती प्रत्येक विभागापाशी असते आणि अन्य कोणापाशीही नसते. कायद्याचे ज्ञान वकील पुरवतील. हा तपशील फक्त अध्यापक पुरवू शकतो.

खासदाराकडे मागणीही नेमकी असावी. प्रश्नोत्तराच्या तासाला विचारावयाचा प्रश्न, स्थायी समितीकडे पाठवावयाचे निवेदन, विधेयकावरील दुरुस्तीची सूचना, ह्यांपैकी काय अपेक्षित आहे ते लिहावे. मतदारसंघाच्या खासदाराबरोबरच संबंधित समितीच्या अध्यक्षांना आणि मंत्रालयाच्या विभागाला प्रत जावी. निवेदन मराठीत असावे आणि सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावे; समितीतील सर्व सदस्यांनी ते वाचावे अशी इच्छा असेल तर हे अपरिहार्य आहे. वेळेचे भानही आवश्यक आहे. २०१४ मध्ये केंद्र शासनाने स्वीकारलेल्या विधिपूर्व सल्लामसलतीच्या धोरणानुसार प्रस्तावित कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस जनतेसमोर ठेवणे अपेक्षित आहे. सत्रपरीक्षांच्या काळात तीस दिवस पाहता पाहता संपतात. म्हणून मसुदा येण्यापूर्वीच तपशील तयार असला पाहिजे.

अशी वेळ पुन्हा येतच राहणार. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्र शासनाच्या संबंधित विभागाने कृत्रिम बुद्धिमत्ता आणि प्रताधिकार ह्यांविषयीचे कार्यपत्र प्रसिद्ध करून सूचना मागवल्या. यंत्रणांच्या प्रशिक्षणासाठी साहित्य वापरण्याची सर्वसाधारण मुभा द्यावी, ती नाकारण्याचा हक्क लेखकाला नसावा, आणि त्याबदल्यात स्वामित्वधन एका मध्यवर्ती व्यवस्थेमार्फत गोळा करून वाटावे, असा त्यातील प्रस्ताव आहे. ज्या भाषेतील पुष्कळ पुस्तके लहान गावांतील लहान प्रकाशकांनी काढलेली आहेत आणि पुष्कळ लेखकांचे लेखी करारच झालेले नाहीत, त्या भाषेतील लेखकापर्यंत हे स्वामित्वधन कोणत्या मार्गाने पोहोचणार, हा प्रश्न मराठीकडून विचारला जाणे अगत्याचे आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यामागे अनेक वर्षांचा संघटित पाठपुरावा होता. दर्जा मिळवण्यासाठी दिल्लीशी पत्रव्यवहार करता येतो, हे ह्या निमित्ताने सिद्ध झाले आहे. त्या भाषेतील ग्रंथ वर्गात वाचता येणे, जतन करता येणे आणि भाषांतरित करता येणे ह्यासाठीही तोच पाठपुरावा लागेल. प्रत्येक विद्यापीठाच्या मराठी विभागाने आपल्या अभ्यासपत्रिकांतील अनुपलब्ध ग्रंथांची यादी करावी, संलग्न महाविद्यालयांकडून अडचणींची नोंद मागवावी, आणि तिच्या आधारे आपल्या क्षेत्रातील खासदारांना एक संयुक्त निवेदन द्यावे. एका सत्रात पार पडू शकेल असे हे काम आहे, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ते ग्रंथव्यवहाराच्या अभ्यासाचा प्रत्यक्ष पाठही ठरेल.